सम आठवडे, विषम आठवडे

नोरेहाव्न, १२ जानेवारी

प्रिय टॉर्बेन,

अभिनंदन. मावशीचा फोन आला होता. म्हणाली, आमच्या पोराला विभागीय कार्यालयात नवी जागा मिळाली, ‘कर्मचारी टिकवणूक कक्षा’चा सल्लागार. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करणार तो? तर म्हणे, “इस्पितळातल्या नर्सेसना सोडून जाऊ देणार नाही.” मी म्हटलं, दारात आडवा पडणार आहे का? मावशी रागावली. तुझी चेष्टा करायचा हक्क तिने अजून स्वतःकडेच ठेवलाय.

हे ऑफिसच्या मेलवर लिहीत नाही. तिथलं काहीही कुठलाही वर्तमानपत्रवाला माहितीच्या अधिकारात मागून घेऊ शकतो आणि मला मनातलं लिहायचंय. लाल पत्रपेट्या काढून नेल्यापासून पत्र टाकायला किराणा दुकानातल्या पार्सलच्या काउंटरवर जावं लागतं. तिथली पोरगी माझ्याकडे असं बघते, की जणू मी कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून आणलीय.

आता कामाचं. आमची डायलिसिसची खोली तू पाहिली आहेस. सहा खुर्च्या, सहा यंत्रं, खिडकीतून बंदर. नियम असा, की कायम नोकरीतल्या, प्रशिक्षण झालेल्या किमान चार नर्सेस हव्यात. त्याखाली गेलो की खोलीला कुलूप आणि पेशंट मोठ्या शहरातल्या इस्पितळात. आठवड्यातून तीनदा, टॅक्सीने, दीड तास जायचं, चार तास यंत्राला जोडून बसायचं आणि दीड तास परत.

पानगळीपर्यंत आम्ही पाच होतो. मग युटे गेली. जाणाऱ्याने पाव आणायचे ही आमची रीत तुला ठाऊक असेलच. तिने शेवटच्या दिवशी सकाळी स्वतःच्या खर्चाने गोल पाव, लोणी, चीज आणलं, टेबलावर कागदी झेंडे लावले, आम्ही रडत रडत खाल्लं. पुढच्या सोमवारी युटे परत हजर! एजन्सीकडून. तीच खोली, तेच पेशंट, पगार जास्त, आणि कुठल्या दिवशी यायचं ते आता तीच ठरवते. फक्त नियमाच्या हिशेबात ती आता माणूस नाही. दोन वर्षांत असे इतके निरोप खाल्लेत, की सकाळी टेबलावर पावाची टोपली दिसली की आम्ही आधी एकमेकींचे चेहरे मोजतो. आज कोण?

तर आता आम्ही बरोबर चार. त्यातली एक सिग्ने. तिची मुलगी आल्मा कॅलेंडरवरच्या सम आकड्याच्या आठवड्यांत आईकडे असते, विषम आठवड्यांत वेगळ्या राहणाऱ्या बापाकडे, देशातल्या निम्म्या पोरांसारखी. सिग्नेचं मागणं एवढंच, की सम आठवड्यांत तिला फक्त सकाळपाळी द्या, विषम आठवड्यांत वाटेल तेवढ्या दुपारपाळ्या लावा, शनिवार-रविवारसुद्धा. बेरीज तीच. खर्च शून्य. पण ड्यूटीचा तक्ता वरून येतो, संगणक बनवतो, आणि संगणकाला सगळी माणसं एकसारखी लागतात. तो बदलायचा अधिकार मला नाही. मी नुसती इन्चार्ज आहे.

तू आता वर आहेस. एवढं करून दे. दुसरं काही नको.

तुझी,
मारेन

---

२१ जानेवारी

प्रिय मारेन,

पोट धरून हसलो. ‘दारात आडवा’ हे मी बैठकीत सांगितलंसुद्धा. कुणी हसलं नाही, पण एकाने लिहून घेतलं.

चेष्टा पुरे. काम खरंच मोलाचं आहे गं. आम्ही पाच जण आहोत आणि आमच्याकडे एक चाक आहे. चाकाला आठ आरे आहेत, ‘अर्थ’, ‘आपलेपणा’, ‘वाढ’ वगैरे. माणूस पगारामुळे सोडत नाही, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की सोडतो. म्हणून आम्ही ‘थांबण्याच्या गप्पा’ सुरू करतोय. माणूस निघाल्यावर ‘का चाललास’ विचारून काय उपयोग? तो थांबलेला असतानाच विचारायचं, ‘का थांबला आहेस?’ सोबत प्रश्नांच्या कार्डांचा जोड पाठवतोय. निवांत, खासगी जागी बसून करा. कार्डं पुनर्वापराच्या कागदाची आहेत.

सिग्नेची बाब छोटी आहे. आजच तक्त्याच्या विभागाकडे पाठवली. छोट्या बाबी पटकन होतात.

तू कशी आहेस? आई म्हणत होती, नाताळात तू जेवणाच्या टेबलावरच झोपलीस.

प्रेमाने,
टॉर्बेन

---

नोरेहाव्न, ९ फेब्रुवारी

प्रिय टॉर्बेन,

गप्पा झाल्या. निवांत, खासगी जागा आमच्याकडे एकच आहे, धुतलेल्या चादरींचं कपाट. त्यात दोन माणसं मावत नाहीत. म्हणून सिग्ने आणि मी क्रेस्टेनच्या खुर्चीशेजारी बसलो. क्रेस्टेन लाउरिडसेन म्हणजे बंदरावरची क्रेन चालवायचा तो. एक्याऐंशीचा आहे, मागच्या गल्लीतून चाकांचा वॉकर ढकलत स्वतःच्या पायाने येतो. यंत्राला जोडलेला माणूस ऐकण्याखेरीज काय करणार?

मी पहिलं कार्ड वाचलं. “कामाच्या दिवसात तुला ऊर्जा कुठून मिळते?”

सिग्ने म्हणाली, “कँटीन बंद व्हायच्या आत पोचले तर तिथून.”

“आपल्याकडे सहकाऱ्यांचं लक्ष आहे असं तुला वाटतं का?”

“आहे की. मी बाथरूमकडे निघाले की सगळ्यांचं असतं.”

“नीट उत्तरं दे गं, मला वर पाठवायचीत.”

“वर म्हणजे कुठे? देवाकडे? मग लिही, सम आठवडे.”

एवढ्यात क्रेस्टेन म्हणाला, “मलाही द्या की एक कार्ड. आठ वर्षं थांबलोय इथे, मला कुणी विचारलं नाही का ते.” सिग्नेने जोड त्याच्यापुढे पंख्यासारखा धरला. त्याने एक ओढलं आणि चष्मा वर सरकवून वाचलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” कार्ड तिला परत दिलं. मग म्हणाला, “हे नको. दुसरं दे.”

आम्ही तिघं इतके हसलो, की त्याच्या यंत्राचा भोंगा वाजला.

पण मग सिग्नेने खरं सांगितलं. पवनचक्क्यांच्या कंपनीत आरोग्य-कक्षावर जागा आहे, बारा महिने फक्त सकाळ. मार्चअखेर उत्तर द्यायचंय. “मला जायचं नाहीये, मारेन. तिथे दिवसभर धडधाकट बाप्यांच्या पाठी तपासायच्या. मला ही म्हातारी मंडळी आवडतात, निदान शिव्या तरी मनापासून देतात. पण आल्माच्या आठवड्यात संध्याकाळी तिला कुणाकडे ठेवू? नऊ वर्षांची आहे. फ्रिजशी गप्पा मार म्हणू?”

ही गेली की आम्ही तीन. खोलीला कुलूप.

तक्त्याचं काय झालं? छोटी बाब होती ना?

मी ठीक आहे. टेबलावर झोपले कारण तुझ्या बाबांचं भाषण चालू होतं. जागी राहिलेल्यांची चौकशी कर.

मारेन

---

२६ फेब्रुवारी

प्रिय मारेन,

उत्तर आलंय. हसू नकोस, आणि रागावूही नकोस.

तक्त्याच्या विभागाने विनंतीचा सहानुभूतीने विचार केला. अडचण अशी, की यंदाच्या वर्षात त्रेपन्न आठवडे आहेत. म्हणजे वर्ष संपताना त्रेपन्नावा आठवडा विषम, आणि त्याला लागूनच पुढच्या वर्षाचा पहिला, तोही विषम. दोन विषम पाठोपाठ आले की सम-विषमचा क्रम तुटतो आणि संगणक असा नियम स्वीकारतच नाही. मी म्हटलं, अहो, त्या एका आठवड्याचं त्या आईबापांनी ठरवलेलं असेलच की! तर म्हणाले, आईबापांचं ठरलंय हे मान्य, संगणकाचं ठरलेलं नाही. शिवाय अपवाद केला की अपेक्षा निर्माण होतात.

डिसेंबरातल्या एका आठवड्यासाठी मार्चमध्ये माणूस घालवायचं हे मलाही विचित्र वाटतं. मी पुन्हा लिहिलंय. पण तू नुसतं तक्त्यावर अडून राहू नकोस. तुमच्या खोलीच्या चाकात मला ‘कौतुक’ हा आरा फार कच्चा दिसतो. त्याबद्दल मी स्वतः भांडून थोडा निधी मिळवलाय. अकराव्या आठवड्यात काय होतं बघ! इतकंच सांगतो, की आमच्या ऑफिसात शुक्रवारी सकाळी हे असतं तेव्हा सगळ्यांचे चेहरे फुलतात.

त्याच आठवड्यात बुधवारी इन्चार्ज सिस्टरांची कार्यशाळा आहे आमच्याकडे, ‘थांबवणारे नेतृत्व’. तुला यायचंय, सक्तीचं आहे. भेटू.

टॉर्बेन

---

नोरेहाव्न, १२ मार्च

टॉर्बेन,

काल मी तुझ्या कार्यशाळेत बसून माझ्या नेतृत्वाचं चित्र मेणखडूंनी रंगवत होते. मी एक झाड काढलं. तू म्हणालास, छान आहे. त्या वेळी इथे काय चाललं होतं ते ऐक.

सकाळी बेकरीचा माणूस आला आणि मोठी टोपली टेबलावर ठेवून गेला. गोल पाव, लोणी, चीज, चारी बाजूंनी कागदी झेंडे. कुणाचा वाढदिवस नाही. सगळ्या हजर, मी तेवढी गायब. आणि टोपलीत सुबक अक्षरात कार्ड, खाली पाठवणाऱ्याचं नाव नाही, नुसतं “मारेन आणि सर्वजण, सगळ्यासाठी आभार.”

क्रेस्टेनने ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाला, “माझ्या बायकोच्या दगडावर हेच कोरलंय.”

तुमच्याकडे पाव म्हणजे शुक्रवार. आमच्याकडे पाव म्हणजे कुणीतरी चाललं. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, पण तू तेव्हा चाक फिरवत असशील. माझ्या बायांनी हिशेब केला, मारेन चालली, तोंडावर सांगायचा धीर झाला नाही म्हणून पाव पाठवून बाहेरगावी पळाली. मला फोन करत होत्या. माझा फोन तुमच्या नियमाप्रमाणे दाराजवळच्या टोपलीत बंद पडला होता, मन एकाग्र व्हावं म्हणून.

आणि सिग्नेने दहाच्या आत पवनचक्कीवाल्यांना फोन करून ‘हो’ सांगून टाकलं.

तू म्हणशील, इन्चार्ज गेली म्हणून सिग्ने का जाईल? तर जे तुझ्यापासून लपवलं ते आता सांगते. गेलं वर्षभर सम आठवड्यांतल्या तिच्या दुपारपाळ्या मी करतेय. सकाळची माझी ड्यूटी संपली की संध्याकाळची तिची. संगणकाला पत्ता नाही; त्याच्या लेखी ती येते. म्हणून मी टेबलावर झोपते. डॉक्टर म्हणतात, हे रक्तदाबाचं मशीन बिघडलंय की तुम्ही? या दुहेरी पाळ्या बंद करा म्हणतात. म्हणून मला वरून रीतसर परवानगी हवी होती, म्हणजे त्या पाळ्या सगळ्या जणी वाटून घेतील. सिग्नेला वाटलं मी गेले, म्हणजे तिच्या आल्माच्या संध्याकाळी गेल्या. तिने दुसरं काय करायचं होतं?

मी दुपारी पोचले तर सगळ्या डोळे पुसत पाव खात होत्या. युटेसुद्धा. मी दारातून ओरडले, “अगं बायांनो, मी कुठेही जात नाहीये!”

सिग्ने पांढरीफटक पडली. म्हणाली, “मी हो म्हणून बसले.”

“मग आता नाही म्हण.”

“म्हणेन. लाज वाटेल, पण म्हणेन. मात्र तू माझ्या पाळ्या ओढत मरायचं, हे आता बास. वरून लेखी आण. सम आठवडे, सही-शिक्क्यानिशी. कंपनीला मी मेपासून हवीय, म्हणजे राजीनामा एकतीस मार्चपर्यंत द्यावा लागेल. तोपर्यंत थांबते.”

तर तेवढा वेळ आहे तुझ्याकडे. पाव नको, कार्ड नको. एक सही.

मारेन

---

२० मार्च

प्रिय मारेन,

काय लिहू? तीन वेळा कागद फाडला.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी आमच्या प्रमुख लिस्बेत यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, तुझ्या छुप्या पाळ्यांचं सोडून. त्या खूप हळहळल्या. म्हणाल्या, “टॉर्बेन, हे फार शिकण्यासारखं आहे.” मी म्हटलं, शिकू नंतर, आधी परवानगी द्या. तर म्हणाल्या, “टिकवणुकीचा निधी कौतुकावर खर्च करता येतो. तक्ता हे कामकाज आहे. ते खातं वेगळं.” मी विचारलं, मग माणसं टिकवायचं खातं कुठलं? त्यांनी मला पाणी दिलं.

मी कामकाजाच्या मजल्यावर गेलो. पहिल्यांदाच गेलो, मारेन. जिना वेगळा आहे. तिथे फ्लेमिंग म्हणून एक गृहस्थ भेटले, त्यांना थोडं काळीज असावं. ते म्हणाले, कायमचा अपवाद होणार नाही, पण ‘प्रायोगिक योजना’ म्हणून करता येईल. संगणकाला फसवायचं, डिसेंबरात हाताने दुरुस्त करायचं. सगळे कागद मी स्वतः बनवले. आता फक्त कामकाजप्रमुखांची सही. ते पुढचा आठवडाभर दौऱ्यावर आहेत, सोमवारी, तीस तारखेला, नक्की होईल असं फ्लेमिंग म्हणाले.

सिग्नेला सांग. आणि तू तोवर त्या दुहेरी पाळ्या थांबव. ते तुला शक्य नाही हे मला लिहिता लिहिताच कळलं, तरी लिहितोय.

टॉर्बेन

---

नोरेहाव्न, १ एप्रिल

टॉर्बेन,

चौदावा आठवडा. ईस्टर. सगळा देश समुद्रावरच्या आपापल्या लाकडी घरात खिडक्या उघडून बसलाय. हे तुझ्या, फ्लेमिंगच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही?

सोमवारी तुमच्या कामकाजप्रमुखांच्या कार्यालयात फोन केला. मागच्या शुक्रवारीच सुट्टीवर गेले, दौऱ्यावरून परस्पर. त्यांच्याऐवजी सही कोण करतं? तेही सुट्टीवर. फ्लेमिंग? सुट्टीवर, पण त्यांनी फोन उचलला. मागे कुत्रं भुंकत होतं. फार वाईट वाटलं त्यांना. तुला मेल केला तर क्षणात उत्तर आलं, मी सात तारखेला कामावर येईन, ईस्टरच्या शुभेच्छा. तुझा मोबाइल बंद. मावशी म्हणाली, तू बेटावर आहेस, तिथे रेंज येत नाही.

काल सिग्ने ड्यूटी संपवून माझ्यासमोर उभी राहिली. कोट घातलेला, खाली गाडीत आल्मा.

“झाली का सही?”

मला खोटं बोलता आलं असतं. ‘झाली, कागद वाटेत आहे’ म्हटलं असतं तर ती तिथेच कंपनीला फोन करून नाही म्हणाली असती. आणि सही नंतर झाली नसती, तर? तिची ती नोकरीही गेली असती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “सोमवारी होणार होती.”

ती म्हणाली, “हं.” आपल्या इथल्या माणसाला याहून जास्त रडता येत नाही.

राजीनामा तिने माझ्या हातात दिला नाही. टेबलाच्या कडेला ठेवला, लहान मूल फुटलेला कप ठेवतं तसा.

मारेन

---

९ एप्रिल

प्रिय मारेन,

सही झाली! सोबत प्रत पाठवतोय. सात तारखेला सकाळी मी त्यांच्या दारातच उभा होतो, अगदी तू म्हणाली होतीस तसा, फक्त आडवा पडायचा बाकी. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “एवढंच? हे आधी का नाही आणलं?” आणि सही केली. उभ्या उभ्या, मारेन. खिशातल्या पेनाने.

सिग्नेला ताबडतोब सांग. राजीनामा मागे घेता येतो ना?

टॉर्बेन

ता. क. हे पाकीट बंद करताना फ्लेमिंग यांचा फोन आला. राजीनाम्याची नोंद झाल्याबरोबर संगणकाने ‘मेपासून चारपेक्षा कमी’ असा इशारा पाठवला, आणि त्यावरून खोली हलवण्याचा आदेश सुट्टीतच आपोआप निघाला. रुग्णसुरक्षेचा आदेश असल्यामुळे तो मागे घेता येत नाही. त्याला कुणाची सहीसुद्धा लागली नाही.

पाकीट तरी पाठवतोय. काय करावं कळत नाही.

---

२९ मे

प्रिय मारेन,

माझ्या मागच्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही. मी समजू शकतो, असं लिहिणार होतो, पण ते आमच्या कार्डावरचं वाक्य आहे, म्हणून खोडतो.

तू आता मोठ्या इस्पितळात आहेस, रोज पहाटे गाडी काढतेस, हे आईकडून कळलं. सिग्नेला ती परवानगी दाखवलीस का तेही कळलं नाही. कदाचित दाखवायला नको होती.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. काल वर्षाची आकडेवारी मांडली गेली. नोरेहाव्नची डायलिसिसची खोली आता अस्तित्वात नसल्यामुळे तिथली कर्मचारी-गळती हिशेबातून काढली. सगळ्यात जास्त गळती तिथलीच होती. त्यामुळे विभागाचा आलेख एकदम खाली आला. म्हणजे सुधारला. लिस्बेत यांनी मला पुढे बोलावलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ओरडून सांगायचं होतं, की अहो, हा आलेख उतरलेला नाही, तो बुडालाय. मी म्हणालो, “आभारी आहे.”

कक्षाला आणखी तीन वर्षं मुदतवाढ मिळाली आहे. मला कायम केलंय.

क्रेस्टेन कसे आहेत? त्यांना ती टॅक्सी झेपते का?

टॉर्बेन

---

नोरेहाव्न, १६ जून

प्रिय टॉर्बेन,

तुझ्यावर राग नाही. होता, पण पहाटे गाडी चालवताना मला झोप आणि राग यांतलं एकच काहीतरी परवडतं.

परवानगी मी सिग्नेला दाखवली. तिने वाचली, घडी घातली, परत दिली आणि विचारलं, “आता ही कुठे लावायची?” खोलीच नाही तर पाळी कसली? मोठ्या इस्पितळात तिला घ्यायला तयार होते, पण तीन तास रस्त्यात घालवून आल्माचा आठवडा कसा व्हावा? ती पवनचक्कीवाल्यांकडे आहे. म्हणते, सगळे बाप्ये धडधाकट आहेत आणि फार कंटाळवाणे आहेत.

क्रेस्टेनचं विचारलंस. मेपासून तो येत होता. चौघांना गोळा करत फिरणारी टॅक्सी, त्याला सगळ्यात आधी उचलायची आणि सगळ्यात शेवटी सोडायची. भल्या पहाटे निघालेला माणूस संध्याकाळी घरी, आणि दुसरा दिवस नुसता झोपून. तिसऱ्या दिवशी परत टॅक्सी. तक्रार केली नाही. एकदा एवढंच म्हणाला, “जगायला म्हणून टॅक्सीत बसतो, आणि जगलो की परत टॅक्सीतच.”

मागच्या आठवड्यात त्याने डॉक्टरांना सांगितलं, की आता यंत्र नको. यंत्र थांबलं की माणूस एखाददोन आठवडेच असतो. डॉक्टर तीनदा बोलले. मुलगा कोपनहेगनहून येऊन बोलला. मीही बोलले. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? आधी म्हणायचे, चल रे, बंदर बघत बसू. आता खिडकीतून पार्किंग दिसतं. तो शहाणा आहे, शुद्धीत आहे, त्याचा हक्क आहे. कागद सगळे बरोबर आहेत. या कामाला अजिबात वेळ लागला नाही.

काल सिग्ने आणि मी त्याच्या घरी गेलो. ती कामावरून परस्पर आली होती, कंपनीचं निळं जाकीट घालून. तो म्हणाला, “ये, ये, पवनचक्की.” पाय सुजलेत, पण दाढी केलेली होती, टेबलावर चांगलं कापड होतं. आम्ही बसलो. हवेचं बोललो, बंदरातल्या नव्या क्रेनचं बोललो. त्याच्या मते ती चालवणाऱ्याला कुणी शिकवलेलंच नाही.

मग त्याने कॉफी केली. तुला माहीत नसेल, डायलिसिसवाल्याला पाणी मोजून प्यावं लागतं. चहा, कॉफी, सूप, सगळं धरून दिवसाला जेमतेम दोन-तीन कप, कारण प्यायलेलं बाहेर पडायला वाट नसते. आठ वर्षं सिग्ने आणि तो यावरून भांडले. आल्या आल्या ती त्याला वजनकाट्यावर उभा करायची आणि कडाडायची, “काल कुठे होतात? बिअर पाजायला कोण आलं होतं?” तो शपथा घ्यायचा. ती म्हणायची, काटा तुमच्यापेक्षा खरं बोलतो. अख्खी खोली त्या भांडणाची वाट बघायची.

काल त्याने आमच्यासाठी छोटे कप काढले आणि स्वतःसाठी मोठा मग. तो भरून घेतला, सावकाश, डोळे मिटून प्यायला. मग पुन्हा किटली उचलली, दुसरा मग काठोकाठ भरला आणि सवयीने सिग्नेकडे पाहिलं, बोलणी खायच्या तयारीने, अगदी खांदे वर करून.

सिग्ने कापडावरची नक्षी बघत होती. मीही.

मग त्याने हळूच तो मग खाली ठेवला आणि तिला म्हणाला, “अगं, ओरड की.”

तुझी,
मारेन